व्याध उजवीकडे कसा? सगळ्यांसाठी आकाशदर्शन भरवताना

जानेवारीतली संध्याकाळ होती. अंध मुलींच्या एका वसतिगृहात मी मृग नक्षत्राचे हाताने टोचलेले नकाशे वाटले आणि ऐटीत सुरुवात केली. "आपण दक्षिणेकडे तोंड करून बसलोय. मृगाच्या पोटात तीन ठिपके एका ओळीत सापडतील, तो व्याधाने मारलेला बाण. त्याच ओळीने डावीकडे खाली सरकत जा, व्याधाचा तारा भेटेल." सातवीतल्या एका मुलीचं बोट सरकलं, थांबलं, मागे आलं, पुन्हा गेलं. मग ती म्हणाली, "सर, व्याध उजवीकडे आहे."

मी नकाशा बघितला. तो उजवीकडेच होता.

"तुम्ही समोरून टोचलंत ना? टोचताना उलटं टोचायचं असतं," ती म्हणाली, आणि हॉलभर हसू पसरलं. ब्रेल पाटीवर लिहिताना कागदाच्या मागून टोचतात, त्यामुळे लिहायचं उजवीकडून डावीकडे. कागद उलटवला की उठलेले ठिपके डावीकडून उजवीकडे वाचता येतात. त्या मुली हे पहिलीपासून रोज करत होत्या. मी वीस नकाशे टोचले आणि वीसही आरशातले निघाले.

तेव्हापासून मी कोणतीही वस्तू बनवली की आधी एका ब्रेल वाचणाऱ्या माणसाच्या हातात देतो आणि गप्प बसतो. डोळ्यांना पट्टी बांधून स्वतःच तपासायचा मोह होतो, पण त्याचा उपयोग नाही. आपण पट्टीआड आठवणीतलं चित्र बघत असतो आणि आपल्या बोटांना वाचायची सवयही नसते. तपासणाऱ्याला मानधन द्या. ते काम आहे, कौतुक सोहळा नाही.

पुढचं सगळं हौशी आकाशनिरीक्षक, शिक्षक आणि असा कार्यक्रम पहिल्यांदाच करू पाहणाऱ्या कोणासाठीही आहे. बहुतेक सामान घरात सापडेल.

पहिली पायरी: फोन करा आणि ३ डिसेंबर टाळा

"दिव्यांगांसाठी आकाशदर्शन" अशी पाटी लावून काहीच ठरत नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मोजले आहेत. व्हीलचेअरवरच्या मुलाला लागणारी सोय कर्णबधिर मुलीच्या काही कामाची नाही. पहिल्या खेपेला एकच गट घ्या, दहा-बारा जणांचा. सगळ्यांना एकदम बोलावलं की कोणाचंच धड होत नाही.

शाळेला किंवा संस्थेला विचारा: पूर्ण अंध किती आणि थोडं दिसणारे किती? ब्रेल किती जणांना येतं? (दृष्टी उशिरा गेलेल्या बऱ्याच जणांना येत नाही.) खुर्ची घडीची आहे की बॅटरीची? बॅटरीची खुर्ची चौघांनी मिळूनही जिन्यावरून न्यायची नसते. खुणांच्या भाषेचा दुभाषी त्यांचा येणार की तुम्ही आणायचा? रात्री परत जायची गाडी किती वाजता? या शेवटच्या प्रश्नावर निम्मे कार्यक्रम अडतात, म्हणून तो आधीच विचारा.

कोणता शब्द वापरायचा, अंध, दिव्यांग की अपंग, हेही त्यांनाच विचारा. काहींना "दिव्यांग" आवडतो, काहींना त्याचा राग येतो. "बघा" म्हणायला मात्र घाबरू नका. अंध माणसंही "काल मॅच बघितली" असंच म्हणतात.

३ डिसेंबर हा जागतिक दिव्यांग दिन. त्या आठवड्यात विशेष शाळांमध्ये पाहुण्यांची रांग असते, मुलं हारतुऱ्यांनी दमलेली असतात. जानेवारी-फेब्रुवारी धरा, आकाश स्वच्छ असतं आणि मृग संध्याकाळीच वर आलेला असतो. तिथी शुद्ध सप्तमी ते दशमी यांमधली. अर्ध्या चंद्रावर सावल्या लांब पडतात आणि विवरं उठून दिसतात. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून सपाट थाळीसारखा वाटतो.

दुसरी पायरी: अंधाराचा हट्ट सोडा

आम्हा हौशी लोकांना काळोख्या माळरानाचं वेड असतं. व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं नांगरलेल्या शेतात दोन फुटांवर रुततात. रातांधळेपणा असलेला मुलगा त्या काळोखात पाऊल टाकू शकत नाही. चंद्र, गुरू, शनी, मृग आणि कृत्तिका यांना काळोख लागतच नाही. शाळेचं मैदान पुरतं, फक्त मोठा दिवा बंद करायची परवानगी काढा.

गच्ची सुचवली गेली तर आधी लिफ्टने वर जाऊन बघा. आपल्याकडच्या कितीतरी इमारतींत लिफ्ट शेवटच्या मजल्यावर थांबते आणि गच्चीच्या पंधरा-वीस पायऱ्या उरतात. उतार लागणार असेल तर एक फूट चढायला बारा फूट लांबी हे माप धरा. "आम्ही फळी टाकू" म्हणणाऱ्यांची फळी बहुधा चार फुटांची असते. चिखल किंवा खडी असेल तर प्लायवुडचे तुकडे एकापुढे एक अंथरून वाट करा. मुतारीपर्यंतही तीच वाट जायला हवी.

जागा ठरली की एकदा स्वतः उजेडात चालून या. दोऱ्या, खुंट्या, ट्रायपॉडचे पाय, एक्स्टेन्शन बोर्डाची वायर यांतली एकही वस्तू वाटेत नको. अंध पाहुण्याला हात धरून ओढू नका. आपलं कोपर पुढे करा, तो धरेल आणि अर्धं पाऊल मागून चालेल.

तिसरी पायरी: मृगाचा नकाशा, यावेळी सुलटा

मृगापासून सुरुवात करायचं कारण सोपं आहे. आकार चौकोनी, चार कोपऱ्यांत चार पाय, मधे बाण. गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि ती गोष्टच वाट दाखवते. बाणाची रेषा एका टोकाला व्याधाकडे जाते, दुसऱ्या टोकाला रोहिणीकडे. बोटाने शिकारी शोधता येतो असं दुसरं नक्षत्र मला माहीत नाही.

माप असं: एक अंश म्हणजे अर्धा सेंटिमीटर. मग बाणाचे तीन तारे एकमेकांपासून जेमतेम सात मिलिमीटरवर येतात, बोटाला वेगवेगळे कळतात. काक्षी (मृगाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातला तारा) ते राजन्य (खालच्या उजव्या कोपऱ्यातला) हे अंतर नऊ सेंटिमीटरच्या आसपास. बाणापासून व्याध अकरा सेंटिमीटर डावीकडे खाली, रोहिणी जवळपास तितकीच उजवीकडे वर. आडव्या ए-फोर कागदावर सगळं मावतं. कागद दोन तळहातांपेक्षा मोठा नको, नाहीतर हाताला एकसंध चित्र मिळत नाही.

मोजकेच नकाशे हवे असतील तर मणी चिकटवा. व्याधाला हरभऱ्याएवढा, काक्षी, राजन्य आणि रोहिणीला मुगाएवढा, बाकीच्यांना मोहरीएवढा. तेजस्वी तारा मोठा, मंद तारा छोटा, हे न सांगता कळतं. मी आधी खरे हरभरे आणि मोहरीच चिकटवली होती. आठवड्याने कपाट उघडलं तर मुंग्यांनी अर्धा मृग नेला होता. आता भरतकामाच्या दुकानातले मणी आणतो.

जास्त प्रती हव्या असतील तर जाड ड्रॉइंग पेपर, खाली जाड रबर किंवा जुनी योगा मॅट, आणि शिवणकामाचं ट्रेसिंग व्हील. छापील नकाशा खिडकीच्या काचेवर उलटा धरून गिरवा, तो उलटा नकाशा कागदाच्या मागच्या बाजूला लावा आणि मग टोचा. पहिला कागद टोचून झाला की सुलट करून बाणावरून बोट डावीकडे खाली न्या. तिथे व्याध नसेल तर थांबा.

नावं ब्रेलमध्ये एका अक्षरात आटपा, "व्या", "रो", आणि ताऱ्यापासून एक बोट दूर लावा. क्षितिजासाठी सुतळी, आकृतीच्या रेषेसाठी लोकर, याहून जास्त पोत एका कागदावर नकोत. राशींच्या सीमा, खगोलीय जाळं, दीर्घिका असं सगळं त्यात कोंबायचा उत्साह आवरा.

दोन मुलांमागे एक नकाशा हवाच. डोळ्याला चित्र एकदम दिसतं, बोटाला ते तुकड्यातुकड्याने जोडावं लागतं. एका नकाशाला दहा मिनिटं शांतपणे द्या. तुम्ही बोलत राहिलात तर हात थांबतो.

आणि वडापाव नकाशांच्या नंतर. तेलकट बोटांनी वाचलेला नकाशा पुढच्या वर्षी वाचता येत नाही.

चौथी पायरी: मुठीने आकाश मोजा

नकाशा हातात आला, पण तो आकाशात कुठे आहे? हात सरळ ताठ करा आणि मूठ वळा. मुठीची रुंदी सुमारे दहा अंश. लहान मुलाची मूठ लहान, पण हातही तितकाच आखूड, म्हणून हिशेब सगळ्यांना लागू होतो. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत गेलं की नऊ मुठींत डोक्यावर. ध्रुवतारा उत्तरेला दोन मुठींवर, कारण त्याची उंची म्हणजे आपला अक्षांश: मुंबईत १९ अंश, पुण्यात साडेअठरा, नागपुरात २१.

"तो बघा, तिकडे" या वाक्यात अंध माणसासाठी काहीही नाही. "आग्नेयेला, पाच मुठी वर" यात सगळं आहे. विचारून मागे उभे राहा आणि त्यांचा हात त्या दिशेला न्या. मृगाचा बाण आकाशाच्या विषुववृत्तावरच आहे, तो तासाला पंधरा अंश सरकतो. साडेसातला हात बाणावर नेऊन ठेवा आणि साडेआठला पुन्हा. दीड मुठीचा फरक खांद्याला कळतो. पृथ्वी फिरते हे आम्ही पाठ केलं होतं, त्या दिवशी खांद्याला कळलं, असं एका निवृत्त अंध शिक्षकांनी मला सांगितलं. मी स्वतः हे कधी खांद्याने मोजलं नव्हतं, घरी जाऊन मोजलं.

पाचवी पायरी: छत्री

हे माझं सगळ्यात लाडकं साधन, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

सरळ दांड्याची, आठ काड्यांची जुनी छत्री घ्या. घडीची नको, तिच्या काड्या धक्क्याने मोडतात. काडी साधारण साठ सेंटिमीटर लांब असते. छत्रीचं टोक म्हणजे ध्रुव, आणि टोकापासून एक सेंटिमीटर म्हणजे एक अंश. आकाशाची चक्कर चोवीस तासांची, काड्या आठ, म्हणजे दोन काड्यांमध्ये तीन तास. एका काडीला खूण म्हणून गाठ मारा, ती शून्य. आता छत्रीच्या आत तोंड करून घड्याळाच्या दिशेने मोजा: शून्य, तीन, सहा, नऊ, बारा.

सप्तर्षी बाराच्या काडीभोवती येतात. क्रतू आणि पुलह काडीच्या अलीकडे, दोन काड्यांमधल्या जागेचा एक तृतीयांश मागे. क्रतू टोकापासून २८ सेंटिमीटर, पुलह ३४. पुलस्त्य जवळपास काडीवरच, ३६. अत्री काडी ओलांडून किंचित पुढे, ३३. अंगिरस जागेच्या एक तृतीयांशावर, ३४. वसिष्ठ मध्यावर, ३५. मरीची त्याच्याही थोडा पुढे, ४१. सात बटणं आतल्या बाजूने शिवा. वसिष्ठाला खेटून मोहरीएवढा मणी शिवा, ती अरुंधती. या मापात त्यांच्यातलं अंतर जेमतेम दोन मिलिमीटर येतं. लग्नात अरुंधती दाखवताना मान वर करून "दिसली, दिसली" म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना ती खरंच दिसते, देव जाणे. छत्रीत ती नक्की सापडते.

शर्मिष्ठा तारकासमूहाची पाच बटणं समोरच्या बाजूला, शून्याच्या काडीपासून पुढच्या काडीच्या दिशेने दोन तृतीयांश जागेत, टोकापासून २६ ते ३४ सेंटिमीटरवर, एम अक्षरासारखी नागमोडी.

कसोटी: उत्तरेकडे तोंड करून सप्तर्षी वर आणलेत की मरीची उजव्या हाताला यायला हवा. डावीकडे आला तर तुम्हीही माझ्यासारखेच आरशात शिरलात.

आता दांड्याची मूठ एका स्टुलावर टेकवा, छत्री स्टुलाच्या पलीकडे, टोक उत्तरेकडे दोन मुठी वर. स्टुलाची पातळी म्हणजे क्षितिज. मुलीचा एक हात छत्रीच्या आत सप्तर्षींवर, दुसरा हात दांड्यावर. दांडा घड्याळाच्या उलट दिशेने सावकाश फिरवायचा. सप्तर्षी उजवीकडून म्हणजे पूर्वेकडून वर येतात, ध्रुवावरून जातात, डावीकडे उतरतात आणि स्टुलाखाली जातात. त्याच वेळी दुसऱ्या बाजूने शर्मिष्ठा वर येत असते. "मग दोघं मिळून कधी वर येतच नाहीत?" हा प्रश्न दर वेळी येतो. दोघी बाजूंना, क्षितिजाच्या थोड्या वर असतात तेव्हा येतात, पण एक माथ्यावर असताना दुसरी नसते. हे डोळस मुलांनाही वहीत समजत नाही. छत्री त्यांनाही द्या. साधन वेगळं ठेवलं की ते "त्यांचं" होतं आणि त्यांना एकटं पाडतं.

सहावी पायरी: तीन मीटर सुतळी

पृथ्वी-सूर्य अंतर दहा सेंटिमीटर धरा. टोकाची गाठ सूर्य. बुध ४ सेंटिमीटरवर, शुक्र ७, पृथ्वी १०, मंगळ १५, गुरू ५२, शनी ९६, युरेनस १९२, नेपच्यून ३०० वर. प्रत्येक ठिकाणी मणी ओवून गाठ मारा. बोटं सूर्यापासून निघाली की पहिले चार ग्रह एका वितीत येतात. मग सुतळी येतच राहते, येतच राहते, आणि गुरू लागतो. पुस्तकातल्या चित्रात सगळे ग्रह शेजारी शेजारी बसलेले असतात. सुतळी तसं काही करत नाही.

या मापात सूर्य स्वतः खसखशीच्या दाण्याएवढा. आणि सूर्याला सोडून सर्वात जवळचा तारा? सुमारे २७ किलोमीटर. सुतळी दादरला धरली तर तो तारा लोकलने ठाणे ओलांडून कळव्याला.

चंद्राच्या विवरांसाठी परातीत चार बोटं मैदा आणि वेगवेगळ्या उंचीवरून टाकलेल्या गोट्या. गोटी हळूच उचलून घ्या आणि काठाची कड बोटाने फिरवून बघू द्या. खाली वर्तमानपत्र घालायला विसरू नका. थ्री-डी प्रिंटर हाताशी असेल तर स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया विद्यापीठातल्या अमेलिया ऑर्टिझ-गिल यांच्या गटाने बोटांनी वाचायचा चंद्र तयार केला आहे, आणि इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठात निकोलस बॉन हे स्वतः दृष्टिहीन असलेले खगोलशास्त्रज्ञ दीर्घिकांचे असे उठाव बनवतात, ज्यात जास्त तेज म्हणजे जास्त उंची.

सातवी पायरी: दुर्बिणीपाशी

दुर्बीण विकत घेऊ नका. ज्योतिर्विद्या परिसंस्था पुण्यात १९४४ पासून आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे, तुमच्या जिल्ह्यातही कोणी हौशी सापडेल. दुर्बिणीबरोबर ती चालवणारा माणूसही मिळतो, ते जास्त महत्त्वाचं.

पूर्ण अंध मुलांना दुर्बिणीपाशी आणतच नाहीत, ही नेहमीची चूक. त्यांनाही रांगेत घ्या. भिंगावर झाकण लावा आणि नळी किती लांब, कुठे रोखली आहे, हे हाताने कळू द्या. मोटर असेल तर तिच्यावर हात ठेवू द्या. ती बारीक थरथर पृथ्वीच्या फिरण्याला पुरी पडण्यासाठी चालू असते.

थोडं दिसणाऱ्यांसाठी चंद्र हा खजिना आहे. नुसत्या डोळ्यांनी ज्यांना तो धुरकट ठिपका वाटतो, त्यांना दुर्बिणीत तो मोठा आणि लख्ख मिळतो. कमी वर्धनाची आयपीस (डोळा लावायचं भिंग) लावा आणि घाई करू नका. एका मुलाने चार मिनिटं डोळा काढला नाही. मागे रांग कुरकुरत होती, मी तिला कुरकुरू दिलं. काहींना चंद्राचा उजेडच सोसत नाही. त्यांना मून फिल्टर लावून द्या किंवा फोनच्या पडद्यावर उजेड कमी करून दाखवा. दिवसा सूर्य दाखवणार असाल तर प्रमाणित सौर फिल्टर सगळ्यांनाच हवा. "याला नाहीतरी दिसत नाही" असं मनातही आणू नका, उरलेली दृष्टी जळते.

व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण शंभर ते एकशेवीस सेंटिमीटरवर असतो. भिंगाच्या दुर्बिणीत आयपीस खालच्या टोकाला असते, म्हणून काटकोनी डायगोनल (नजर वळवणारा आरसा) लावून डोक्यावरचा ग्रह दाखवला की आयपीस खाली येते. आरशाच्या न्यूटोनियन दुर्बिणीत नेमकं उलटं: आयपीस वरच्या टोकाला, म्हणून ग्रह क्षितिजाकडे कललेला असतानाच दाखवा. ट्रायपॉडचे पाय खुर्चीच्या पायदानाला अडतात, तेव्हा खुर्ची समोरून न आणता बाजूने लावा. टेबलावरची छोटी डॉब्सोनियन (फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) सगळ्यात सोयीची, पण टेबलाखाली गुडघे जायला हवेत आणि टेबल डुगडुगायला नको.

मान स्थिर राहत नसेल तर आयपीसवर फोन लावून पडद्यावर दाखवा. मात्र पडदा लावलात तर सगळ्यांना तिथेच दाखवा. सगळे दुर्बिणीतून आणि एकटा तो पडद्यावर, असं झालं की त्याला काय वाटतं हे विचारायलाही नको.

आठवी पायरी: हात दिसायला हवेत

कर्णबधिर मुलांसाठी काळोख म्हणजे शांतता. खुणा दिसल्या नाहीत की संवाद संपला. दुभाष्याच्या चेहऱ्यावर आणि हातांवर पडेल असा मंद लाल दिवा लावा. चेहराही हवा, कारण खुणेचा निम्मा अर्थ तिथे असतो. दुभाष्याने गडद, एकरंगी शर्ट घालावा.

क्रम पाळा: आधी उजेडात समजावा, मग दाखवा, मग पुन्हा उजेडात प्रश्न. डोळा आयपीसला लागलेला असताना बोलून उपयोग नाही. हिरवा लेझर फिरवत बोलायची आपली सवय इथे मोडावी लागते, कारण मुलं एकतर ताऱ्याकडे बघतील नाहीतर दुभाष्याकडे. दाखवा, तीन श्वास थांबा, लेझर बंद करा, मग सांगा. लेझर विमानाच्या किंवा कोणाच्या डोळ्यांच्या जवळपासही नको, हे सगळ्याच कार्यक्रमांना लागू.

ग्रह, तारा, नक्षत्र, दुर्बीण, ग्रहण यांच्या खुणा दुभाष्याशी आदल्या दिवशी पक्क्या करा. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश २०२१ मध्ये दहा हजार शब्दांपर्यंत पोचला. त्यात न सापडलेल्या शब्दाची खूण मुलांनाच विचारा. शनीसाठी एका मुलाने मुठीभोवती बोट फिरवलं, आता आम्ही सगळे तेच करतो.

आणि जॉन गुड्रिकची गोष्ट सांगाच. १७६४ मध्ये जन्मलेला, लहानपणीच बहिरा झालेला हा मुलगा इंग्लंडमधल्या यॉर्कमध्ये राहायचा. १७८२ च्या हिवाळ्यात त्याला ययाती तारकासमूहातला अल्गोल मंद झालेला दिसला. रात्रीमागून रात्री त्याने शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करत नोंदी ठेवल्या आणि अल्गोल दर दोन दिवस, वीस तास, एकोणपन्नास मिनिटांनी मंद होतो हे काढलं. एखादा काळा सोबती त्याच्यासमोरून जात असावा, हा अंदाजही बांधला. १७८३ मध्ये त्याला रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक मिळालं. एकविसाव्या वर्षी तो गेला. हे काम आजही नुसत्या डोळ्यांनी गच्चीवरून करता येतं. माझ्या मते कर्णबधिर शाळेला दुर्बिणीपेक्षा एक वही आणि अल्गोलचं वेळापत्रक जास्त शिकवून जातं.

नववी पायरी: तारा ऐका

अल्गोल अंध मुलांसाठी पेटीवर वाजवता येतो. एक तास म्हणजे एक सेकंद धरा. वरचा सा दाबून जवळपास एकोणसाठ सेकंद तसाच धरा. मग पाच सेकंदांत सां नि ध प म असे उतरा, पाच सेकंदांत परत चढा, आणि पुन्हा लांब सा. त्या लांब सा मध्ये मुलं कंटाळतात, चुळबुळतात, आणि मग सूर घसरला की सगळ्यांचे कान टवकारतात. गुड्रिकनेही हेच केलं होतं, वाट बघितली होती.

स्पंदक ताऱ्यांसाठी, म्हणजे ठरलेल्या ठेक्यात रेडिओ लहरींचे ठोके देणाऱ्या ताऱ्यांसाठी, टाळ्या. १९६७ मध्ये जोसलिन बेल यांना सापडलेल्या पहिल्या स्पंदकाचं स्पंदन १.३३७ सेकंदांचं, म्हणजे मिनिटाला पंचेचाळीस टाळ्या. वेला स्पंदक सेकंदाला अकरा वेळा, तबलजीलाच जमेल. खेकडा तेजोमेघातला सेकंदाला तीस वेळा, तिथे टाळी संपते आणि गुणगुण सुरू होते. नारायणगावजवळ खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या ज्या रेडिओ लहरी पकडतात, त्या कोणालाच दिसत नाहीत. डोळस शास्त्रज्ञही त्यांचा आलेखच बघतो. मग आलेख कानाने का नाही? पोर्तो रिकोच्या वांडा डियाझ-मर्सेड यांची दृष्टी शिकत असतानाच गेली, त्यांनी माहितीचे सूर करून संशोधन चालू ठेवलं. चंद्रा या क्ष-किरण वेधशाळेच्या चित्रांचे असे सूर नासाने २०२० पासून प्रसिद्ध केले आहेत, फोनवर वाजवता येतात.

शाळेत इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेलं कोणी असेल तर ५५५ आयसी (सूर काढणारी छोटी चिप), एक एलडीआर (उजेड ओळखणारा भाग) आणि छोटा स्पीकर पुरतो. उजेड वाढला की सूर चढतो. दिव्यासमोरून चेंडू नेला की सूर उतरतो, दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधायची एक रीत हीच. २०१७ च्या अमेरिकेतल्या खग्रास सूर्यग्रहणासाठी हार्वर्डमध्ये ॲलिसन बिएरिला आणि सहकाऱ्यांनी बनवलेलं लाइटसाउंड हे यंत्रही उजेडाचा आवाजच करतं.

उरलेलं थोडक्यात

स्वमग्न किंवा बौद्धिक अपंगत्व असलेली मुलं येणार असतील तर संध्याकाळचा क्रम चित्रांत काढून आदल्या दिवशी शाळेला पाठवा, आणि तो बदलू नका. तारांगणात जाणार असाल तर एकदम काळोख आणि मोठं संगीत नको, अशी विनंती आधी करा. दमलेल्या मुलाला बसायला एक शांत कोपरा ठेवा. रांग लांब असेल तर नंबराचे कागद द्या.

कार्यक्रम संपला की सामान तिथेच सोडून या. नकाशे, सुतळी, छत्री, सगळं. आमची पहिली छत्री त्याच वसतिगृहात राहिली, जिथे माझा व्याध उजवीकडे गेला होता. पुढच्या जानेवारीत गेलो तेव्हा तीच मुलगी, आता आठवीतली, दुसरी छत्री घेऊन आली. तिला दक्षिणेचं आकाश हवं होतं, अगस्तीसाठी. अगस्ती दक्षिण ध्रुवापासून सदतीस अंशांवर, म्हणून तिने टोकापासून सदतीस सेंटिमीटरवर मोठं पितळी बटण शिवलं होतं. घोळ एवढाच होता की आपल्याकडे दक्षिण ध्रुव क्षितिजाच्या खाली. छत्रीचं टोक दोन मुठी खाली झुकवलं की कापड जमिनीला टेकत होतं आणि छत्री फिरेना.

मी टेप शोधत होतो. तिने स्टूल उचललं आणि बाकावर ठेवलं.

"क्षितिज वर घ्या ना सर," ती म्हणाली, आणि दांडा फिरवायला लागली.